जुने सागरचित्र आणि लिलावाच्या सूचिपत्राची भाषा

लिलावात मांडलेल्या जुन्या सागरकिनाऱ्याच्या तैलचित्राकडे पाहताना ग्राहकाची दृष्टी प्रथम चित्रावर व नंतर अपेक्षित किमतीवर जाते. या दोहोंच्या मधे छापलेली चित्रकाराच्या नावाची ओळ बहुधा दुर्लक्षित राहते. वस्तुतः किमतीचा मोठा भाग त्या ओळीतच ठरतो. प्रस्तुत लेखात तिचा अर्थ व तिच्या मर्यादा यांचे विवेचन केले आहे.

लंडनच्या मोठ्या लिलावगृहांच्या सूचिपत्रात चित्रकाराचे पूर्ण नाव विशेषणाविना आले, तर चित्र त्याच्याच हातचे आहे, असे लिलावगृहाचे मत असते. मागे ‘अट्रिब्यूटेड टू’ लागले की ते मत ‘बहुधा’वर येते. ‘स्टुडिओ ऑफ’ म्हणजे त्याच्या चित्रशाळेतील काम. ‘सर्कल ऑफ’ म्हणजे त्याच्या काळातील व प्रभावातील अन्य कोणी. ‘फॉलोअर ऑफ’ म्हणजे त्याच्या शैलीत रंगविणारा, पण शिष्य असेलच असे नाही. ‘मॅनर ऑफ’ हे उत्तरकालीन अनुकरण, तर ‘आफ्टर’ ही प्रतिकृती. ‘साइन्ड’ऐवजी ‘बेअर्स सिग्नेचर’ असेल, तर स्वाक्षरी परक्या हाताची मानलेली असते. ही शब्दयोजना वरवर सौजन्यपूर्ण वाटली, तरी तिचे खरे प्रयोजन जबाबदारी सीमित करणे हेच होय.

या शब्दांचे मोल एका उदाहरणावरून कळेल. चित्र सागराचे नसून सॉल्झबरीच्या चर्चचे आहे, एवढाच फरक. इ.स. २०१३ मध्ये लंडनमध्ये क्रिस्टीजने ते ‘फॉलोअर ऑफ जॉन कॉन्स्टेबल’ म्हणून ३,५०० पौंडांस विकले. वरचे गडद पुनर्रंगकाम काढल्यानंतर २०१५ मध्ये न्यूयॉर्कला सदबीजने तेच कॉन्स्टेबलचे म्हणून सुमारे ५२ लाख डॉलरना विकले. नव्या कर्तृत्वनिश्चितीवर तज्ज्ञांचे स्पष्ट एकमत नाही, असे क्रिस्टीजने तेव्हा म्हटले होते.

मात्र नाव अचूक असले, तरी पृष्ठभाग खरा असतोच असे नाही. हेंड्रिक फान अँथोनिसेन याने सुमारे १६४१ मध्ये रंगविलेले स्खेवेनिंगेनच्या किनाऱ्याचे चित्र १८७३ मध्ये केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयास भेट मिळाले. थंडीच्या दिवसांत किनाऱ्यावर व टेकाडावर माणसांचे घोळके का जमले आहेत, याचा उलगडा चित्रात होत नव्हता. पिवळे पडलेले वार्निश काढताना क्षितिजाजवळ एक माणूस अधांतरी उभा दिसू लागला. पुढे वरचा रंग हटविल्यावर त्याच्या पायांखाली वाळूत पडलेला प्रचंड देवमासा प्रकटला! २०१४ मध्ये ही घटना जाहीर झाली. मृत प्राणी दिवाणखान्यात नकोसा झाला असावा, किंवा त्याच्याविना चित्र लवकर विकले जाईल असे एखाद्या विक्रेत्यास वाटले असावे, असा तर्क केला जातो. दुसरा तर्क अधिक पटण्याजोगा आहे.

अतिनील प्रकाशात अलीकडील पुनर्रंगकाम काळसर डागांसारखे उठून दिसते. जुन्या, जाड वार्निशखालचे मात्र सहसा निसटते. बोली लावण्यापूर्वी चित्राचा लेखी स्थिती-अहवाल मागविण्याची सोय लिलावगृहांत असते. त्यात वार्निशचे वय व पुनर्रंगकामाच्या जागा यांविषयी काय लिहिले आहे, हे नावाच्या ओळीइतक्याच बारकाईने वाचावे लागते.