अँटॉप हिलचे बाळ आणि परळचे अंतर

मुंबईतल्या अँटॉप हिलच्या एका अंगाला शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय आणि दुसऱ्या अंगाला परळचे, १९२९ साली खास बालकांसाठी सुरू झालेले बाई जेरबाई वाडिया रुग्णालय असल्यामुळे बालशल्यचिकित्सेच्या जागतिक नकाशावर ही वस्ती भाग्यवान म्हणावी लागेल; कारण २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार जगातील सुमारे १७० कोटी मुलांना शल्यक्रियेची सोय आवाक्यात नाही. तरीही नकाशावरचे अंतर आणि अर्भकाला प्रत्यक्ष तोडावे लागणारे अंतर यांत बरीच तफावत असते.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ७४ देशांतील २६४ रुग्णालयांमधल्या, पचनमार्गाशी संबंधित जन्मजात दोष असलेल्या ३,८४९ बालकांची नोंद आहे. त्यांपैकी श्रीमंत देशांत ५.६ टक्के, मध्यम उत्पन्नाच्या देशांत २०.४ टक्के आणि गरीब देशांत ३९.८ टक्के बालके रुग्णालयातच दगावली. गॅस्ट्रोस्किसिस, म्हणजे बेंबीशेजारच्या छिद्रातून आतडी पोटाबाहेर आलेली असणे, या एका दोषात तर श्रीमंत देशांत शंभरातील एक-दोन आणि गरीब देशांत नव्वद मुले वाचत नाहीत. या दोषावर करावी लागणारी शल्यक्रिया फारशी अवघड नसते. आतडी निर्जंतुक पिशवीत झाकून काही दिवसांत हळूहळू आत सरकवता येतात. मात्र ती आतडी पुढे कित्येक आठवडे अन्न पचवत नाहीत, आणि तेवढा काळ बाळाला शिरेतून पोषण, ऊब व रात्रंदिवस जागी परिचारिका लागते. जंतुसंसर्ग होऊनच दाखल झालेली आणि गरज असताना कृत्रिम श्वासयंत्र किंवा शिरेतले पोषण न मिळालेली बालके अधिक दगावतात, असे याच अभ्यासात दिसले.

शल्यगृहाआधीचे तास तितकेच निर्णायक असतात. अन्ननलिका मध्येच बंद असलेल्या बाळाच्या तोंडाला सारखा फेस येतो, आणि तोंडावाटे घातलेली मऊ नळी साधारण १० सेंटिमीटरवर अडते. एवढ्यावरून निदानाची दिशा मिळते, त्यासाठी मोठे यंत्र लागत नाही. हे कोणाच्या ध्यानात आले नाही आणि कौतुकाने बाळाला घुटी चाटवली गेली, तर ती थेट फुप्फुसात उतरू शकते. त्यातच पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत असल्याने अँटॉप हिलच्या सुनेचे बाळ अनेकदा कोकणात, मराठवाड्यात किंवा उत्तर प्रदेशातल्या गावी जन्मते, आणि सासरघरापासून हाकेच्या अंतरावर असलेले परळ त्याच्यासाठी रात्रभराच्या प्रवासाइतके दूर जाते.

जन्मजात दोष वेळीच हेरण्यासाठीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्याच पालघरहून सुरू झाला, आणि शल्यक्रियेच्या खर्चाला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आधार आहे. मात्र बुडालेली रोजंदारी आणि रुग्णालयाबाहेर काढलेल्या रात्री कोणत्याही योजनेच्या हिशेबात बसत नाहीत.

गुदद्वारच नसलेल्या बाळाच्या बाबतीत हा हिशेब वर्षभरही लांबतो. अशा अनेक बाळांच्या पोटावर पहिल्या एक-दोन दिवसांतच कोलोस्टॉमी, म्हणजे मोठ्या आतड्याचे तोंड पोटावर आणून शौचाला काढलेली वाट, करावी लागते. काही महिन्यांनी नवे गुदद्वार घडवले जाते आणि तिसऱ्या शल्यक्रियेत पोटावरची वाट मिटवतात. पिशव्या परवडत नसल्या की तिथे जुन्या सुती लुगड्याचे मऊ तुकडे बांधले जातात, आणि दिवसाकाठी अनेकदा धुतलेले ते तुकडे शे-दीडशे चौरस फुटांच्या, मोजकेच पाणी येणाऱ्या खोलीत वाळत घालावे लागतात. दुसऱ्या शल्यक्रियेनंतर नवी वाट आकसू नये म्हणून धातूची गुळगुळीत कांडी रोज त्यातून घालायची असते. कांडीची जाडी साधारण आठवड्याला एका मापाने वाढवतात, आणि रडणाऱ्या मुलाला धरून हे काम बहुधा आईच करते. कंटाळून किंवा गावी गेल्यामुळे त्यात खंड पडला, तर वाट पुन्हा अरुंद होते. २०२१ च्या अभ्यासातील मृत्यूंची मोजणी रुग्णालयाच्या दारापाशी संपते; ते मूल पुढे कपडे न खराब करता शाळेत बसू शकले की नाही, हे त्या टक्केवारीत कुठेच येत नाही.