फरक प्रवाळाचा की खेपेचा?

मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचा समुद्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. इथल्या उथळ पाण्यात प्रवाळ आहेत. पाणी फार तापलं की ते पांढरे पडतात.

समजा, कुणी या प्रवाळांवरचे जीवाणू अभ्यासायला घेतले. (प्रवाळाला कायद्याचं संरक्षण आहे, तेव्हा आधी वनखात्याची परवानगी!) निरोगी तुकड्यांचा डीएनए डिसेंबरात काढला, पांढऱ्यांचा मे महिन्यात, नव्या किटने. दोन गटांत फरक दिसला. तो प्रवाळाचा की किटचा? सांगता येत नाही. किटच्या रसायनांतही जीवाणूंच्या डीएनएचे अंश असतात आणि ते खोक्यागणिक बदलतात. नमुना जितका तुटपुंजा, तितकी त्यांची लुडबुड जास्त. खेपेमुळे येणारा असा फरक म्हणजे ‘बॅच इफेक्ट’.

यात भलेभले अडकतात. २०१४ साली एका मोठ्या अभ्यासात जनुकांच्या सक्रियतेच्या बाबतीत माणसाचे अवयव उंदराच्या त्याच अवयवांपेक्षा एकमेकांशीच जास्त जुळताना दिसले. पुढच्याच वर्षी योआव गिलाद आणि ओर्ना मिझराही-मान यांनी दाखवलं, की माणसाचे आणि उंदराचे नमुने बहुतांशी वेगवेगळ्या खेपांत जनुकक्रम वाचणाऱ्या यंत्रावर गेले होते. खेपेचा परिणाम काढल्यावर चित्र पालटलं. वाद मात्र पुढेही चालला.

‘कॉम्बॅट’सारखी संख्याशास्त्रीय पद्धत खेपांमधला फरक कमी करते, पण गट आणि खेप एकच असेल, तर तीही हतबल. त्यापेक्षा सगळे नमुने गोठवून ठेवावेत, सरमिसळ करून एकाच किटने हाताळावेत, सोबत एक रिकामी नळीही चालवावी. ऋतूचा फरक तरीही उरतोच. त्यासाठी मे महिन्यातच, त्याच खडकावरचे न पांढरलेले तुकडे हवेत.