डोरोथीचे स्वप्न

कादंबरी वाचताना प्रत्येक वाचक तिच्यातील पात्रांना आपापल्या मनासारखे रूप देत असतो. त्या कादंबरीचा चित्रपट झाला, की या असंख्य रूपांच्या जागी पडद्यावर एकच रूप येऊन उभे राहते, आणि मग मतभेदांना तोंड फुटते. 'द विझार्ड ऑफ ओझ' या अमेरिकन चित्रपटाच्या वाट्याला असे मतभेद पुष्कळ आले.

त्याची मूळ कादंबरी एल. फ्रँक बॉम यांनी लिहिली व ती १९०० साली प्रसिद्ध झाली. कॅन्ससच्या उजाड माळावर काका-काकूंजवळ राहणारी डोरोथी ही अनाथ मुलगी चक्रीवादळात घरासकट उडून ओझ नावाच्या अद्भुत देशात जाऊन पडते. तेथे बुद्धी हवी असलेले बुजगावणे, हृदय हवे असलेला पत्र्याचा लाकूडतोड्या आणि धैर्य हवे असलेला सिंह तिला भेटतात. त्यांच्या सोबतीने ती घरची वाट शोधू लागते.

१९३९ साली पडद्यावर आलेल्या चित्रपटात कॅन्ससची दृश्ये तपकिरी छटेत आहेत. डोरोथी ओझमध्ये घराचे दार उघडते आणि सारा पडदा रंगांनी उजळून निघतो. रंगीत चित्रपट विरळ असलेल्या त्या काळात हे दृश्य अपूर्वच होते. तरीही 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकाच्या समीक्षकाला चित्रपटात कल्पकता म्हणून आढळली नाही. पुस्तकाच्या चाहत्यांचे आक्षेप निराळे होते. डोरोथीचे चांदीचे जोडे पडद्यावर खुलून दिसावेत म्हणून माणकांचे, लालभडक केलेले. पुस्तकातील चिमुकल्या मुलीच्या जागी सोळा वर्षांची जुडी गार्लंड. हे फरक तसे किरकोळच म्हणावे लागतील.

खरा वाद शेवटाचा. पुस्तकातील ओझ हा प्रत्यक्ष देश आहे. डोरोथी परतते तेव्हा काकांनी उडालेल्या घराच्या जागी नवे घर बांधलेले असते, आणि जादूचे जोडे वाटेत वाळवंटात गळून पडल्यामुळे ती नुसत्या मोज्यांनिशी उभी असते. चित्रपटात मात्र ती आपल्या बिछान्यात जागी होते. तो देश खराच होता, असे ती कळवळून सांगते. वडीलधारी माणसे केवळ हसतात. एवढे धाडस करून आलेल्या मुलीच्या पदरी अखेर स्वप्नच टाकले, ही पुस्तकप्रेमींची तक्रार वाजवी आहे. दुसऱ्या पक्षाचे म्हणणेही टाकाऊ नाही. शेतावरचे तीन गडी आणि ओझमधील तीन सोबती यांच्या भूमिका त्याच नटांनी केल्या आहेत. म्हणून ज्यांच्या शोधात ती भटकली ती माया घरीच होती, हे स्वप्नामुळेच उमगते. बॉम यांचे मत विचारण्याची सोय नव्हती. ते १९१९ सालीच निवर्तले होते. परंतु १९१० सालच्या त्यांच्या एका पुस्तकात, कर्जापायी शेत जाण्याची वेळ येताच डोरोथी काका-काकूंनाच ओझमध्ये कायमचे राहावयास नेते!

पहिल्या प्रदर्शनात या खर्चिक चित्रपटाला तोटाच झाला. १९५६ साली तो अमेरिकेत दूरचित्रवाणीवर दाखविला गेला आणि १९५९ नंतर अनेक वर्षे जवळजवळ दरवर्षी घरोघरी दिसू लागला. त्यामुळे पुष्कळ मुलांनी आधी चित्रपट पाहिला व पुस्तक मागाहून वाचले. मग तक्रार उलटली: डोरोथीचे लाल जोडे पुस्तकात चांदीचे कसे झाले?