आपट्याला गाठी नसतात
पावसाळ्यात जोयडा तालुक्यात बांधावरचं खुळखुळ्याचं रोप हलक्या हाताने उपटलं, की मुळांवर बारीक गाठी दिसतात. एखादी नखाने फोडली तर आत गुलाबी. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भावंडाचा. गाठीतले जिवाणू हवेतला नायट्रोजन झाडाला वापरता येईल असा करून देतात. बदल्यात झाडाकडून अन्न घेतात. १८८८ मध्ये डच शास्त्रज्ञ बेयरिंक यांनी ते प्रथम वेगळे वाढवले.

गाठी सारख्या, पण भाडेकरू अनेक कुळांचे. शिवाय गाठ घडवणारी जनुकं एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. त्यामुळे जिवाणूची वंशावळ एक सांगते, गाठीची जनुकं भलतंच. शेंगा धरणाऱ्या शिसव, करंज यांच्याही मुळांवर गाठी येतात. दसऱ्याचा आपटा मात्र, शेंगा धरूनही, कोरडाच. बहावाही तसाच.