राणीने मान लववली

राजशिष्टाचारात राणीपुढे जग मान लववतं. राणीने कुणापुढे लववायची नसते. म्हणूनच १७ मे २०११ रोजी डब्लिनमध्ये जे घडलं, ते आजही पाहताना अंगावर काटा येतो.

‘गार्डन ऑफ रिमेम्बरन्स’ ही बाग आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी प्राण दिलेल्यांची. तिथे राणी दुसऱ्या एलिझाबेथने पुष्पचक्र ठेवलं, ती पाऊलभर मागे सरली आणि तिने मान खाली घातली. क्षणभरच! पण कुणापुढे? त्यांच्यातल्या अनेकांनी तिच्याच आजोबांच्या फौजेवर बंदुका रोखल्या होत्या.

हे आजोबा म्हणजे आपल्याला ठाऊक असलेले पंचम जॉर्ज. जुलै १९११ मध्ये ते डब्लिनला गेले, तेव्हा आयर्लंड त्यांच्याच राज्यात होतं. त्याच डिसेंबरात ते मुंबईत अपोलो बंदरावर उतरले, आणि त्याची आठवण म्हणून गेटवे ऑफ इंडिया उभा राहिला. १९४८ च्या फेब्रुवारीत शेवटची ब्रिटिश पलटण संचलन करत त्याच कमानीखालून बोटीकडे गेली. स्वागताची कमान निरोपाची झाली. दगड मात्र तेच. डब्लिनला मात्र आजोबांनंतर शंभर वर्षं एकही ब्रिटिश राजा किंवा राणी फिरकली नव्हती.

दुसऱ्या दिवशी राणी क्रोक पार्क मैदानावर गेली. १९२० मध्ये याच मैदानावर सामना पाहायला जमलेल्या लोकांवर ब्रिटिशांच्या सुरक्षा दलांनी गोळ्या झाडल्या होत्या. चौदा जीव गेले.

रात्री मेजवानी होती डब्लिन कॅसलमध्ये, म्हणजे शतकानुशतकं ज्या वास्तूतून आयर्लंडवर हुकूम सुटले तिथेच. राणी भाषणाला उभी राहिली आणि पहिले पाच शब्द उच्चारले ते आयरिश भाषेत. अर्थ साधाच: ‘राष्ट्राध्यक्ष आणि मित्रहो’. पण ही ती भाषा, जिला १७३७ च्या कायद्याने न्यायालयाच्या कामकाजातून हद्दपार केलं होतं! पुढच्या भाषणात उघड माफी कुठेच नव्हती, सहानुभूती होती. मला मात्र वाटतं, जे माफीच्या मसुद्यात मावलं नसतं ते त्या पाच शब्दांत मावलं.

राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकअलीज शेजारीच बसल्या होत्या. त्यांचे डोळे विस्फारले, शेजाऱ्यांकडे वळून त्या पुटपुटल्या, ‘वॉव!’ आणि सभागृहात टाळ्या सुरू झाल्या.