गोदामातले लाकूड चुलीत घालण्याआधी

आपल्याकडे आता जळण दोन वाटांनी घरात येते. जुनी वाट रानातली, डोक्यावरच्या मोळीची. दुसरी नवी. पडघ्यापासून वाशिंद, आसनगावपर्यंत नाशिक हमरस्त्याच्या कडेने गोदामे झाली, मुरबाडला एमआयडीसी आहेच. तिथले मोडके पॅलेट आणि खोक्यांच्या फळ्या टेम्पोत भरून गावात विकायला येतात. लाकूड सुकलेले असते, सरळ असते, कुऱ्हाड फार चालवावी लागत नाही. बायका ते घेतात यात नवल नाही. पण ते लाकूड आपल्या चुलीपर्यंत येण्याआधी त्याचे काय काय झालेले असते, ते आज पाहू.

पॅलेट म्हणजे माल ठेवायची फळ्यांची चौकट. साधारण चार फूट लांब, सव्वातीन फूट रुंद. वर फळ्या, खाली ठोकळे किंवा आडव्या पट्ट्या आणि मध्ये पोकळी. त्या पोकळीत फोर्कलिफ्टचे दोन दांडे घुसतात आणि टनभर माल एका दमात उचलला जातो. जे काम दहा हमालांच्या पाठीवर व्हायचे ते ही चौकट करते. यंत्रांचे सुटे भाग, काच, मोटारी यांच्यासाठी बंद खोकी करतात.

लाकूड दोन प्रकारचे. एक पाइन, पिवळसर, हलके, राळेचा वास असलेले. ते बरेचसे न्यूझीलंडसारख्या देशांतून जहाजाने गुजरातच्या कांडला बंदरात उतरते आणि गांधीधामच्या आरागिरण्यांत कापले जाते. दुसरे आपल्याकडचे, ज्याला व्यापारी सरसकट जंगली लाकूड म्हणतात. त्यात आंबा, निलगिरी, सुबाभूळ, जे स्वस्तात मिळेल ते. ओंडके गिरणीत चिरायचे, फळ्या मापात कापायच्या, खिळे ठोकायचे. कारागिरी फार नाही, मेहनत भरपूर.

आता महत्त्वाची गोष्ट, शिक्का. परदेशी जाणाऱ्या किंवा परदेशातून आलेल्या मालाच्या पॅलेटवर चौकोनात जाळून किंवा शाईने उमटवलेला शिक्का असतो. डाव्या बाजूला गव्हाच्या लोंबीसारखे चित्र, शेजारी देशाची दोन इंग्रजी अक्षरे. भारताची अक्षरे ‘आय एन’. त्याच्या आसपास आणखी दोन अक्षरे असतात, ती नीट बघा. ‘एच टी’ असेल तर लाकूड भट्टीत तापवलेले आहे. लाकडाच्या गाभ्यापर्यंत 56 अंश उष्णता सलग 30 मिनिटे पोचली पाहिजे, असा नियम आहे. ‘एम बी’ असेल तर मिथिल ब्रोमाईड नावाच्या विषारी वायूची धुरी दिलेली आहे.

हा खटाटोप कशासाठी? कच्च्या लाकडात किडीची अंडी, अळ्या लपतात आणि मालाबरोबर समुद्र ओलांडतात. 1996 साली अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात लांब मिशांचा एक काळा भुंगेरा सापडला. तो चीनहून खोक्यांच्या लाकडातून आला होता. त्याच्या अळ्या जिवंत झाडाचे खोड आतून पोखरतात. त्याला आवरण्यासाठी तिथे हजारो झाडे तोडावी लागली. अशा अनुभवांनंतर 2002 मध्ये लाकडी पॅकिंगसाठी जगभराचा नियम झाला. मिथिल ब्रोमाईडने कीड मरते, पण आकाशातला ओझोनचा थरही विरळ होतो. म्हणून मॉन्ट्रियल कराराखाली त्याचा इतर वापर जवळपास थांबवला गेला. परदेशी मालाच्या किडीसाठी मात्र अजून सूट आहे. आणि ते लाकूड फिरत फिरत आपल्या अंगणात येऊ शकते.

तर ‘एम बी’ शिक्क्याची फळी चुलीत नको, न्हाणीच्या बंबाखाली नको, लेकरांच्या खेळण्याला नको. प्लायवूड आणि भुसा दाबून केलेले ठोकळेही जाळू नका. त्यात डिंकासारखी रसायने असतात आणि त्यांचा धूर डोळ्यांना, छातीला झोंबतो. रंग दिलेली, तेलाचे किंवा औषधाचे डाग पडलेली फळी कितीही सुकी असली तरी बाजूलाच ठेवा. पाइन जळते झटकन, पण राळेमुळे काजळी दाट धरते, भांडी घासताना कळतेच. शिक्का नसलेली फळी बहुतेक देशातच फिरलेली असते. तिच्यावर कोणता माल होता, हे टेम्पोवाल्याला विचारायला लाजू नका. पैसे आपण देतो. पूर्ण निळा रंग दिलेले पॅलेट बहुधा भाड्याने फिरवणाऱ्या कंपनीचे असते, ते विकत घेऊन उगाच भानगडीत पडू नये.

माझे मत विचाराल तर धड पॅलेट जाळणे हाच तोटा आहे. एखादी फळी तुटली असेल तर दुसरी ठोकून ते पुन्हा चालते आणि तेवढ्यापुरते नवे झाड वाचते. गोदामवाले दुरुस्त पॅलेट परत घेतात. आपल्या घरातही त्याचा उपयोग आहे. भाताची पोती जमिनीवर ठेवली की पावसाळ्यात खालून ओल धरतात. ‘एच टी’ शिक्क्याचे, स्वच्छ पॅलेट खाली घातले की हवा खेळते आणि उंदीर-घूसही दिसते. कोंबड्यांचा खुराडा, शेळ्यांना बसायला फळ्यांची ओटी, गांडूळखताची पेटी, हे सगळे यातून होते. पहारीने फळ्या सोडवताना पायात चप्पल हवीच आणि खिळे मोजून डब्यात टाका. गंजका खिळा पायात गेला तर धनुर्वाताची सुई लगेच घ्यावी लागते.

आता आपल्या बांधावरच्या झाडांचे. हापूसची पेटी पूर्वी लाकडाचीच असायची, आत पेंढा घातलेली. आता पुठ्ठ्याचे खोके आले. काकडी, मिरची प्लास्टिकच्या क्रेटमधून जाते, क्रेट धुऊन शेकडो फेऱ्या चालतो. तो फुटला की मात्र कुणी तरी परसात पेटवतो, हेही चूकच, त्याचा धूर लाकडापेक्षा वाईट. तरीही स्वस्त खोक्यांसाठी आंब्याच्या लाकडाला मागणी आहे आणि दलाल बांधावरचे जुने झाड हेरत फिरतात. घरात लग्न किंवा आजारपण असले की हमखास येतात. दोन-तीन पिढ्यांचे झाड जाते आणि त्याची खोकी एका फेरीत मोडतात.

मैत्रिणींनो, आंबा, मोह, जांभूळ, फणस, ऐन, साग ही झाडे आपल्या स्वतःच्या जमिनीवर असली तरी 1964 च्या राज्याच्या कायद्यानुसार परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. आदिवासी खातेदारांसाठी 1969 चा आणखी वेगळा कायदा आहे. झाडांची विक्री व्यापाऱ्याने परस्पर, कवडीमोलाने करून घेऊ नये म्हणूनच तो केला. दलाल म्हणतो, “कागद मी बघतो, तुम्ही फक्त अंगठा द्या.” अंगठा देऊ नका. झाडाचा घेर दोरीने मोजा, सातबारा घ्या आणि गटातल्या दोघी-तिघी मिळून वन विभागाच्या कार्यालयात जा. तिथे आधी परवानगीचे विचारा, मग भावाचे. दलाल तोवर थांबत नसेल, तर त्याला जाऊ द्या.