माप आणि वजन – भाग 4 : वाटीतले ग्रॅम

एक वाटी म्हणजे किती ग्रॅम, हे वाटीत काय भरले आहे त्यावर ठरते. 200 मिलिलिटरच्या वाटीत पाणी 200 ग्रॅम बसते, साखर सुमारे 170, ज्वारी 150 आणि ज्वारीचे पीठ जेमतेम 100 ते 120 ग्रॅम. दाण्यांच्या मध्ये हवा असते. दळल्यावर ती वाढते. म्हणूनच पायलीभर ज्वारी चक्कीवर दिली की परत आलेले पीठ त्याच पायलीत मावत नाही. वजन तेवढेच असते, थोडी उधळण सोडली तर.

यवतमाळकडे पूर्वी खळ्यावरचा हिशेब मापाचाच असे. महाराष्ट्रात सर्वसाधारण कोष्टक असे: दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. पायलीचा आकार गावागणिक बदले, आणि ती शिगोशीग भरायची की सपाट, यावरून होणारी कुरबूर वेगळीच. घोळात भर म्हणून वजनाचाही एक शेर होता, 80 तोळ्यांचा, म्हणजे सुमारे 933 ग्रॅम. 1956 च्या कायद्यानंतर 1958 पासून किलोग्रॅम टप्प्याटप्प्याने आला. खंडी हे धान्याचे मापही बाजारातून गेले. कापसाच्या व्यापारात मात्र ते वजन म्हणून टिकले आहे, आणि रुईची खंडी आजही सुमारे 356 किलोची धरतात.

स्वयंपाकात सगळ्यात फसवे पीठच. डब्यात वाटी खुपसून, दाबून भरलेली कणीक आणि चमच्याने हलकेच टाकलेली कणीक यांत वाटीमागे 20-30 ग्रॅमचा फरक सहज पडतो. रोडग्यांची जाडी कणीक असेल तर आकडा आणखी बदलतो. चिरलेल्या सांबाराचे (कोथिंबिरीचे) तर माप काढूच नये. ‘वाटीभर सांबार’ हा अंदाज आहे, प्रमाण नव्हे. पुरणाचे तसे नाही. हरभऱ्याची डाळ आणि साखर यांचे वाटीतले वजन जवळपास सारखे भरते, म्हणून ‘वाटीला वाटी’ चालून जाते. साखरेऐवजी किसलेला गूळ घेतला की तो सैल भरला की दाबून, यावर पुरणाची गोडी ठरते. तिथे वजन करणेच बरे.

तेलाचा प्रश्न खिशाला लागतो. एक लिटर सोयाबीन तेल सुमारे 910 ग्रॅम भरते. म्हणजे 15 किलोच्या डब्यात साधारण साडेसोळा लिटर तेल असते आणि 15 लिटरच्या डब्यात फक्त 13.65 किलो. दोन्ही डबे दिसायला भाऊभाऊ. त्यात तेल तापले की फुगते: 21 अंशांना लिटरभर सोयाबीन तेलाचे वजन 919 ग्रॅम, तर 60 अंशांना 892.6 ग्रॅम. पाकिटावर 60 अंशांचे तापमान छापून कमी तेल भरण्याला यामुळे वाव मिळत होता. केंद्र सरकारने 2022 मध्ये तापमानाचा उल्लेख न करता निव्वळ परिमाण छापण्याचे निर्देश दिले.

घरच्या मापाचे कोष्टक करणे सोपे आहे. रिकामी वाटी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावा, मग ती काठोकाठ पाण्याने भरावी. जितके ग्रॅम, तितके मिलिलिटर. वाटी कोरडी करून तांदूळ, डाळ, कणीक, रवा एकेक सपाट भरून तोलावे आणि आकडे डब्यांवर चिकटवावेत. पुस्तकातला ‘कप’ 240 किंवा 250 मिलिलिटरचा असतो, घरची वाटी बहुधा त्याहून लहान. कृती वाचण्याआधी एवढे तपासून घ्यावे.